लोंबती वायर

भोसरीच्या एका कारखान्यात सरला वाघमारे यांनी अठरा वर्षं कंट्रोल पॅनलचं वायरिंग केलं. २००६ मध्ये त्या नवरा आणि मुलीबरोबर ऑकलंडला आल्या आणि कुंपणात वीज सोडणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत पॅकिंगला लागल्या. वर्षभराने टेस्टिंगच्या टेबलावर एक जागा रिकामी झाली. सुपरवायझर ग्रॅहमने त्यांच्या हातात किट ठेवलं: एक मायक्रोकंट्रोलर चिप, एक बटण, एक छोटा दिवा. बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, सोडलं की विझला पाहिजे.

"शुक्रवारी लंचला दाखव. जमलं तर जागा तुझी."

ऑकलंडच्या टाकानिनी भागातल्या घरी सोमवारी संध्याकाळी जोडणी झाली. चार ओळींचा प्रोग्रॅम मुलीने, रियाने, लॅपटॉपवरून चिपमध्ये भरला. बटण दाबलं, दिवा लागला. सोडलं तरी चालूच. मग आपोआप विझला. सरलाबाईंनी हात जवळ नेला की लुकलुकायचा.

"आई, इट्स हाँटेड," रिया म्हणाली.

"त्यापेक्षा पॅकिंगची खोकी बरी गं," नवरा विश्वनाथ भाजी चिरता चिरता म्हणाले. "हात जवळ नेला म्हणून लुकलुकत तरी नाहीत."

बटण सोडलं की वायर मोकळी, आणि मोकळी वायर म्हणजे बंद. पॅनलमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, हे मानतो. ही चिप मानत नव्हती. सरलाबाईंनी बटण बदललं, बॅटऱ्या बदलल्या, प्रोग्रॅम रियाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला.

"बटण सोडलंय, तर ही चिप वाचते काय?"

"आय डोन्ट नो, आई."

बुधवारी त्यांना भोसरीचा नियम आठवला: रिकामी वायर लोंबती ठेवायची नाही, अर्थिंगला बांधायची. त्यांनी चिपची बटणाकडची पिन वायरने बॅटरीच्या मायनसला जोडली. दिवा गप्प झाला. बटण दाबलं तर सगळंच बंद पडलं आणि बॅटऱ्या तापल्या. बटणातून प्लस थेट मायनसला भिडून शॉर्ट झालं होतं.

किटच्या पाकिटात दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर, प्रवाह रोखणारा छोटा तुकडा, उरला होता. गुरुवारी वायरच्या जागी तो लावला. दिवा शहाण्यासारखा वागू लागला. एवढासा तुकडा चिपला गप्प बसवतो, पण बटणाला आडवा येत नाही, हे कसं, ते सरलाबाईंना उमगेना.

शुक्रवारी ग्रॅहमने दहादा बटण दाबलं. मग रेझिस्टरच उपटला. दिवा लुकलुकू लागला.

"का?"

"लोंबती वायर. बांधायची असते."

"दहा हजारच का?"

"माहीत नाही. पाकिटात तेवढाच होता."

"याआधी ज्यांना किट दिलं, ते दोघं 'माहीत आहे' म्हणाले होते," ग्रॅहम म्हणाला. "सोमवारी साडेसातला टेबलावर ये."

घरी विश्वनाथांनी विचारलं, "मग, कळलं का?"

"जागा मिळाली," सरलाबाई म्हणाल्या. "कळायचं आहे अजून."