कुंभारवाड्यात भिजलेली वही

रामनगरला बस बदलताना पिशवीतली वही मी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. पुण्याहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी अठरा वर्षं गावोगाव फिरून आमच्या घराण्याची माहिती या वहीत उतरवली. गेल्या वर्षी ते गेले. पूर्वी खानापूर सोडून कर्नाटकातच पुढे जोयड्याच्या जंगलात गेलेल्या एका पूर्वजाची शाखा तेवढी कोरी राहिली होती. ती भरून वही छापायची, असं मी ठरवलं होतं. ‘आधी फोटो काढून ठेव,’ असं माझा भाऊ सांगायचा. मी रोज उद्यावर ढकलायचे.

कंडक्टरनं विचारलं, “कुंभारवाड्यात कोण हाय तुमचं?”

“चुलत घर आहे. अजून पाहिलेलं नाही.”

“म्हंजे पावनं शोधायला निघालाय व्हय,” असं म्हणत त्यानं मला बरोबर फाट्यावर उतरवलं.

तिथे सुमित्रा उभी होती. बाबांचे दूरचे चुलतभाऊ रामाण्णाकाका यांची ही सून, अंगणवाडीत शिकवते. पिवळ्या पडलेल्या भातातून चालत आम्ही हळ्ळाशी (ओढ्याशी) आलो. शेवाळलेल्या दगडावरून माझा पाय सटकला आणि पिशवी पाण्यात गेली. सुमित्रानं धावत जाऊन ती पकडली खरी, पण घरी उघडली तर शेवटच्या अकरा पानांवरची शाई पसरत चालली होती. फोटोत नुसते निळे डाग येत होते. पडवीत मी वही उघडी करून ठेवली.

“अजून दिसतंय थोडं,” सुमित्रा म्हणाली. “तुमी वाचा बिगीबिगी, मी लिवून घेतो.” (इकडे बायकाही असंच बोलतात.)

बाबांचं अक्षर ओळखीचं, म्हणून मला लागत होतं. मी वाचत गेले, ती लिहीत गेली, आणि रामाण्णाकाका सुपानं पानांना वारा घालत बसले. मधेच त्यांचं सूप थांबलं.

“पुंडलिक न्हवं त्यो, पांडू. माझा पणजा.”

“बाबांनी लिहिलंय, भांडून घर सोडलं.”

“भांडण कसलं? हरवलेली म्हस शोधत आला, हितलं पानी बघून ऱ्हायला.”

“म्हैस सापडली?”

“सापडली की. तिच्याच दुधावर आमचा आज्जा वाडला.”

कोरी शाखा अशी हसत हसत भरली. मग उकडलेले कंद, लसणीची चटणी आणि नाचणीची भाकरी आली. जेवताना सुमित्राच्या वहीत डोकावले, तर सगळं कन्नड लिपीत. तिचं सारं शिक्षण कन्नडमधलं. आमच्या घराण्याची अकरा पानं आता मला वाचता येत नव्हती.

निघताना तिनं उरलेल्या वहीचे फोटो काढायला लावले आणि म्हणाली, “दोन्ही अक्षरांत छापा, अक्का. न्हाईतर आमची पोरं वाचनार कशी?”

हे ना बाबांना सुचलं होतं, ना मला. पुढच्या पिढीसाठी म्हणून आम्ही इतकी वर्षं जपलं, आणि त्यातली निम्मी पिढी धरलीच नव्हती.

पुण्यात परतल्यापासून रोज सकाळी कन्नड बाराखडी गिरवते आहे. काल सुमित्राच्या पानावरचं पहिलं नाव कुणाच्या मदतीशिवाय वाचलं. बाबांच्या आजीचं होतं, भागीरथी.