दहीवाल्या मॅडम

“बस वं, आधी बस,” म्हणत त्या आपलीच खुर्ची पेशंटपुढे सरकवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. पेशंट त्यांना दहीवाल्या मॅडम म्हणत. धंतोलीतल्या पोटविकारांच्या दवाखान्यात आम्ही दोघी आहारतज्ज्ञ. पदवी माझी मोठी, खोलीही मोठी. रांग मात्र त्यांच्या दाराशी.

मला त्यांचा हेवा वाटायचा. अशा एखाद्या माणसाच्या शेजारी तुम्ही नोकरी केली असेल, तर समजून घ्याल.

एकदा वर्ध्याकडची एक बाई माझ्याकडे आली. थोरल्या मुलीला आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार. धाकटीला तो होऊ नये म्हणून काहीतरी हवं होतं. मी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुचवल्या. चांगले जीवाणू आतड्याची राखण कशी करतात, ते चित्र काढून दाखवलं. बाईनं चिठ्ठी घेतली आणि सरळ त्यांच्या खोलीत शिरली. मी मागून दाराशी जाऊन उभी राहिले.

“मॅडम, ह्या गोळ्यांनं धाकटीले नाही होणार ना?”

त्यांनी चिठ्ठी वाचून तिच्या हातात परत दिली. “खरं सांगू? हे अजून कोणालेच पक्कं माहीत नाही. दही खाते का पोरगी?”

“लय आवडते तिले.”

“मग खाऊ दे. पण दह्याच्या नाही तर गोळ्यांच्या भरवशावर राहू नको. संडासात रक्त दिसलं, वजन उतरलं, जुलाब थांबले नाही, तर लाजू नको. लगेच घेऊन ये.”

बाई गेल्यावर मी भांडले. “ताई, तुम्ही मला खोटं पाडलंत!”

“तू हमी दिली होती का?”

नव्हती दिली. पण बाईला ती वाटू दिली होती. त्यांनी हे ओळखलं, याचाच जास्त राग आला.

काही महिन्यांनी धाकटीला रक्त दिसलं. दुसऱ्याच दिवशी आई तिला घेऊन हजर. आजार सुरुवातीलाच सापडला, डॉक्टरांची औषधं लागू पडली. बाई दहीवाल्या मॅडमच्या पाया पडली, तेव्हा मी उगाच फायली चाळत बसले.

मागच्या वर्षी त्या निवृत्त होऊन मुलाकडे खापरखेड्याला गेल्या.

परवा मायलेकी तपासणीला आल्या. रिपोर्ट छान, पोरीचं वजनही वाढलेलं. मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, “बसा, चहा घेऊ.”

“नाही मॅडम, खापरखेड्याची बस सुटून जाईन. त्यायले सांगाचं आहे.”

मी खिडकीशी गेले. रिपोर्टची फाइल छातीशी धरून दोघी रस्ता ओलांडत होत्या. पोरगी पुढे, आई मागे, जवळजवळ धावतच.