उंबऱ्यावर थांबलेला मोत्या

लाकडाची मोळी अंगावर पडून आमच्या मोत्याचा पाय मोडला. कुत्र्याने उंबरा ओलांडायचा नाही, हा आईचा जुना नियम. पण पायाला प्लास्टर घातल्यावर तिनेच चुलीजवळ पोतं अंथरलं. तो पुन्हा चालेल की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. आई मात्र रोज त्याला दुधात भाकरी कुस्करून भरवायची.

काल प्लास्टर निघालं. मोत्या लंगडत उठला, अंगणात फिरून आला आणि परतताना उंबऱ्यापाशी थांबला.

“ये की रे मेल्या आत! आता कोण हाकलतंय तुला?” आई म्हणाली.

तो नुसताच शेपूट हलवत राहिला. मला कॉलेजचा पहिला दिवस आठवला. ग्रंथालयाचं दार उघडं होतं, कुणी अडवलं नव्हतं, तरी मी बराच वेळ बाहेरच उभा होतो. आमच्या घरातलं त्याआधी कुणी तिथे गेलं नव्हतं. मोडलेलं हाड जुळतं, पण दारात थांबायची सवय इतक्या लवकर जात नसावी.

आईने पुन्हा हाक मारली नाही. ती भाकरी घेऊन उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली आणि निवांत जेवू लागली. थोड्या वेळाने मोत्याचा तो वाळलेला, बारीक पाय हळूच आत आला.