पपईच्या नळीतून आलेला श्वास

पदरात दगड बांधायचा, वर निरगाठ मारायची आणि नदीत उतरायचं... असला गाढवपणा मी केलाय! भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. स्वतःच्या अकलेवर मात्र फार होता.

परवा नात अंदमानहून आली आणि स्नॉर्कलिंगचा व्हिडिओ दाखवू लागली. म्हटलं, बाई, वऱ्हाड सी.पी.त, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांतात होतं तेव्हाच हे करून बसलेय मी... पपईच्या देठानं.

मी जुन्या अकोल्याची, मोर्णा नदीकाठच्या माळ्याची पोर, लग्न नुकतं झालेलं. धारणीच्या पलीकडे तापीच्या पात्रात उन्हाळ्यात एक बेट उघडं पडे. तिथे सासरची टरबुजांची वाडी होती. त्या दिवशी सगळे बाजाराला गेलेले. बेटावर मी आणि नणंद गोदी, दोघीच. शेजारच्या डोहात ऊद, म्हणजे पाणमांजरं, मासे धरत. ते पाण्याखालून बघायचं माझ्या डोक्यात भरलं.

"वयनी, मोर्णेचं गुडघाभर पानी नोहे हे," गोदी खिदळली. "बुडशीन!"

झालं, मला चेव आला! पपईचा देठ पोकळ, पण आखूड. म्हणून मी दोन देठ मेणानं जोडले. तरंगू नये म्हणून पदरात दगड. तळाशी बसले... आणि काय ती मजा! एक ऊद बाणासारखा समोरून गेला, मागे बुडबुड्यांची माळ.

मग श्वास ओढला, तर येईचना. नळी लांब करून खोल बसलं की पाण्याच्या दाबानं हवा ओढली जात नाही, हे या शहाणीला कुठे ठाऊक? उभी राहिले तरी डोक्यावर पाणी. भिजलेली गाठ सुटेना. छाती फुटायची वेळ आली...

आणि नळीतून हवा आली. मी ओढली नाही — कुणीतरी वरून फुंकली. गरम, तंबाखूच्या वासाची. पुन्हा आली. पुन्हा. तेवढ्यात गाठ सुटली.

वर आले ती संतापानं पेटूनच. डोहावर कुणी दिसलं नाही, पण बेटावर दुसरं होतं कोण? मी खाली तडफडतेय आणि ही भवानी फुंकर मारून खेळतेय! तशीच निथळत झोपडीत गेले आणि "नळीत फुंकतेस काय गं?" म्हणत गोदीच्या थोबाडीत ठेवून दिली.

ती टरबूज खात बसलेली. केस कोरडे, लुगडं कोरडं ठणठणीत. पोहल्याशिवाय त्या नळीपर्यंत कोण पोचणार? आणि तंबाखू तिनं जन्मात तोंडात घातली नव्हती.

फुंकणारा कोण, ते मला आजही उमगलेलं नाही. आणि आजही राग येतो मेल्याचा... जीव वाचवलास, तर तोंड दाखवायला काय झालं होतं?

तेव्हा गोदीनं मात्र गाल चोळला, डोळे वटारले आणि म्हणाली, "वयनी, थे मी नोहती. मी असती तं नळीवर बोट ठेवलं असतं!"