चिमीचा रोजनामा

दोन्ही एक्स-रे मी स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. डावीकडचा दोन महिन्यांपूर्वीचा, उजवीकडचा त्या दिवशीचा. दोन्हींत मूत्राशयाच्या जागी तेच तीन पांढरे खडे. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मधला खडा उलट थोडा वाढला होता.

समोर पाठक काका बसले होते. मांडीवर चिमी, नऊ वर्षांची पांढरी पॉमेरेनियन, वजन जेमतेम सात किलो. शेजारच्या खुर्चीत काकू.

"विरघळले?" काकांनी विचारलं.

"नाही."

"कमी तरी?"

"नाही, काका. एक वाढलाय."

चिमीच्या पाठीवरून फिरणारा काकूंचा हात थांबला.

त्याचं कारण मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी चिमीच्या गर्भाशयात पू झाला म्हणून ऑपरेशन करावं लागलं होतं. त्यात टेबलावरच तिचं हृदय थांबलं. मी आणि माझ्या सर्जन मित्राने तिला कसंबसं परत आणलं. तेव्हाच त्या मित्राने सांगून ठेवलं होतं की हिला पुन्हा भूल द्यायची पाळी आणू नका. त्यामुळे मुतखडा निघाला तेव्हा ऑपरेशनचा विषय आम्ही बाजूला ठेवला आणि पथ्य धरलं. आता पथ्य फसलं तर उरत होतं ते टेबलच.

कुत्र्यांनाही मुतखडा होतो हे पुष्कळांना माहीत नसतं. खड्यांचे प्रकार असतात. काही खडे काढावेच लागतात, त्यांना औषध लागू पडत नाही. चिमीच्या लघवीच्या तपासणीवरून तिचा खडा स्ट्रुव्हाइट प्रकारचा दिसत होता. मादीला लघवीचं इन्फेक्शन झालं की हा बऱ्याचदा होतो. त्याचा एक गुण चांगला. इन्फेक्शन आटोक्यात ठेवलं आणि पथ्य नीट पाळलं तर तो विरघळतो. त्यासाठी खास तयार केलेलं खाणं मिळतं. खडा ज्या मालावर वाढतो तो माल त्यात कमी असतो, म्हणजे प्रोटीन बेताचं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कमी. मीठ थोडं जास्त, म्हणजे जनावर पाणी जास्त पितं. आणि लघवी आम्लधर्मी राहते. आम्ल लघवीत स्ट्रुव्हाइटचा खडा झिजत जातो. अट एकच असते. ते सोडून दुसरा कणही पोटात जायला नको.

मी मूळचा पिशोरचा. आमची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. नोकरीची बरीच वर्षं गंगापूर तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत म्हशी, बैल आणि शेळ्या तपासण्यात गेली. कुत्र्यांची प्रॅक्टिस मी निवृत्तीनंतर शहरात येऊन औरंगपुऱ्यात क्लिनिक टाकल्यावर सुरू केली. पथ्याच्या त्या खाण्याची पिशवी पहिल्यांदा गावी नेऊन वडिलांना दाखवली, तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

"कुत्र्याला पथ्य व्हय? लई शिकला बाबा तू," म्हणाले. "आपलं कुत्रं उरली भाकर अन् ताक खाऊन लांडग्याच्या मागं पळायचं. त्याला कधी खडा नाय झाला."

झाला असेल तरी आपण एक्स-रे कुठे काढला होता, हे मी त्यांना म्हटलं नाही.

तर काकांकडे वळतो. असा पेशंट हाताबाहेर जातो तेव्हा माझा पहिला संशय घरच्यांवर असतो. पथ्याचं कुत्रं जेवणाच्या वेळी टेबलाखाली बसतं आणि कुणाचं तरी मन विरघळतं. खडा मात्र विरघळत नाही.

"काका, खरं सांगा. पोळीचा तुकडा? बिस्कीट? चहात बुडवून?"

काका ताठ झाले. ते कोर्टात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. कोर्टात प्रत्येक खटल्याचा रोजनामा असतो. त्या दिवशी कोण हजर, काय घडलं, पुढची तारीख कोणती, सगळं त्यात लिहितात. चिमीचं पथ्य सुरू झालं त्याच दिवशी काकांनी दोनशे पानी वही आणून तिचा रोजनामा सुरू केला होता. ती वही त्यांनी पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली.

"डॉक्टर, तीस वर्षांत माझ्या हातून एक खोटी नोंद झालेली नाही. तुम्ही वाचा आणि मग आरोप करा."

मी वाचली. सकाळी सात दहा, पथ्याचं खाणं एक वाटी, संपवली. पाणी, अमुक इतकं. लघवी दोनदा, रंग फिका. दुपारी साडेबारा, एक वाटी, पाऊण खाल्ली, पाव उरली. रात्री आठ, एक वाटी, संपवली. मोत्यासारखं अक्षर. साठ दिवसांची साठ पानं. मी भराभर उलटली. माझं चुकलं ते इथेच, पण ते मला पुढे कळलं.

"काकू, तुम्ही काही खायला देता तिला?"

"मी त्या डब्याला हातसुद्धा लावत नाही," काकू म्हणाल्या. "त्यात कोंबडी असते. डबा यांनी गॅलरीत ठेवलाय, चमचाही वेगळा. तिचं खाणंपिणं सगळं यांच्याकडे."

बाई खोटं बोलत नव्हत्या. माणूस खोटं बोलतोय की नाही हे इतक्या वर्षांत मला थोडंफार कळायला लागलंय. म्हैस आटली की मालकाला प्रश्न विचारून विचारून ती दृष्टी येते.

"मला तर बोअरच्या पाण्याचा संशय आहे," काका म्हणाले. "आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. मधे बोअरच. बादलीला पांढरा थर धरतो बघा."

"त्या थराचा आणि या खड्याचा संबंध नाही, काका. पाणी कोणतंही द्या, पण भरपूर द्या."

चिमीची लघवी तपासली. इन्फेक्शन नव्हतं. पण पीएच आठ आला. पीएच म्हणजे लघवी आम्ल आहे की अल्कली हे सांगणारा आकडा. या पथ्यावर तो साडेसहाच्या आसपास यायला हवा. आठ म्हणजे लघवी अल्कली. म्हणजे खड्याचा मुक्काम अगदी सुखाचा. पथ्य करणाऱ्या कुत्रीचा पीएच आठ येत नाही. मी क्लिनिकमधल्या पथ्याच्या खाण्याच्या पिशवीवरची मुदत तपासली. ठीक होती. मग मलाच काही सुचेना.

"एक महिना अजून बघू," मी म्हटलं. "नाहीच जमलं तर उघडावं लागेल. खडा नळीत अडकून लघवी बंद झाली तर मग विचार करायलाही वेळ मिळणार नाही."

काका वही पिशवीत ठेवत होते. काकूंनी विचारलं, "उघडलं तर ती उठेल ना?"

मी "बघू" म्हटलं. हा शब्द मी वापरतो तेव्हा मला स्वतःचाच राग येतो.

दोन दिवसांनी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. क्लिनिकपासून दोन गल्ल्या पलीकडे, कापडाच्या दुकानाच्या वरचा मजला. गल्लीत स्कूटर शिरत नाही, म्हणून चालत. काकांना मी सांगितलं होतं की मला चिमी जेवताना बघायची आहे. खरं तर मला काकाच बघायचे होते. संशय काही मनातून जात नव्हता.

सव्वाबारा झाले होते. काका वही उघडून, पेनाचं टोपण काढून तयार. चिमी मात्र त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली होती. आतून घंटेचा आवाज आला. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या, हातात नैवेद्याचं ताट. वरणभात, तूप, एका वाटीत पंचामृत, दुसरीत दोन चमचे शिरा.

"घ्या डॉक्टर," म्हणत त्यांनी शिऱ्याची वाटी पुढे केली.

"नको काकू, मला डायबेटिस आहे. गोड बंद आहे माझं."

"अहो, खाणं कुठं आहे हे? प्रसाद आहे. प्रसादाला नाही म्हणू नये."

मी घेतला. साजूक तुपातला होता. नाही म्हणणं मला जमलं नसतं.

मग काकूंनी खाली वाकून चिमीसमोर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला. त्यावर वरणभाताचा मोठा घास, वरून तूप, आणि बाजूला पंचामृताची अर्धी वाटी. चिमीने ते चार घासांत साफ केलं आणि पान चाटलं. काकूंनी हात जोडले. त्यानंतर काकांनी गॅलरीतून पथ्याची वाटी आणून ठेवली. चिमीने पाऊण खाल्ली, पाव ठेवली. काकांनी घड्याळ बघून लिहिलं.

मी वहीत डोकावलो. 'दुपारी बारा पस्तीस. एक वाटी. पाऊण खाल्ली, पाव उरली.'

"काका, आधीचं नाही लिहिलं?"

"आधीचं कोणतं?"

"हे. वरणभात."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला कायद्याचं ओ की ठो कळत नाही. "तो नैवेद्य आहे," ते म्हणाले.

मी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. साठ पानांवर दुपारचं पाव वाटी खाणं उरलेलं होतं आणि ते का उरतंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सकाळी संपतं, रात्री संपतं, मग दुपारीच पोट कशाने भरतं? काकांनी पुरावा माझ्या हातात दिला होता. मी फक्त अक्षराचं कौतुक केलं होतं.

"काकू, हे रोज?"

"रोज म्हणजे? या घरात कुत्र्याचा घास काढल्याशिवाय पानं वाढत नाहीत. सासूबाईंच्या वेळेपासून आहे. आधी देवाचं, मग मुक्या जिवाचं, मग आपलं. चिमी आल्यापासून तो घास चिमीचा."

मी त्यांना समजावून सांगितलं. डाळ, दूध, दही, म्हणजे खड्याला लागणारा सगळा माल. तुमच्या-माझ्यासाठी तो घास आहे, सात किलोच्या कुत्रीसाठी अर्धं जेवण. त्याने पीएच चढतो आणि सकाळ-रात्रीच्या पथ्यावर पाणी पडतं.

काकू पाटावर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"म्हणजे दोन महिने मीच तिला..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"तुम्ही नाही, काकू. मी नीट विचारलं नाही."

हे मी त्यांचं मन राखायला म्हटलं नाही. ते तसंच होतं. मी खाण्याबद्दल विचारलं, त्यांनी खाण्याबद्दल सांगितलं. खाणं काकांकडे आणि देवाचं काकूंकडे, अशी त्या घरात वाटणी. माझा प्रश्न एकाच खात्यात गेला होता.

"घास गल्लीतल्या कुत्र्यांना दिला तर?" मी विचारलं.

"त्यांना संध्याकाळी पोळी घालतेच मी. हा घरच्या जिवाचा आहे. तिला उपाशी ठेवून मी कशी जेवू?"

"ती उपाशी कुठंय? वाटीभर खाते," काका म्हणाले.

"तुमची ती कोंबडी देवापुढे ठेवू का मी?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं. चिमी रिकामं पान परत एकदा चाटून आली.

शेवटी काकूच म्हणाल्या, "तीर्थ चालेल का तिला? नुसतं तीर्थ दिलं तरी देवाचं पोचलं असं होतं. आजारी माणसाला आपण तेच देतो."

आता मी शहाणा झालो होतो. "तीर्थ म्हणजे पंचामृत, की पाणी?"

"पाणी. देवाच्या स्नानाचं. तुळशीचं पान असतं त्यात."

"दूधदही काही नाही?"

"आधी शुद्ध पाण्याने स्नान, ते वेगळं काढता येईल."

"पान काढून द्या. किती देता?"

"पळीभर."

"वाटीभर द्या. दोन वाट्या प्यायली तर आणखी चांगलं."

"वाटीभर तीर्थ?" काकू पहिल्यांदा हसल्या. "नळ आठ दिवसांनी येतो आमच्याकडे. देवालासुद्धा तांब्याभर पाण्यात आटपावं लागतं."

"देवाला मी सांगतो," काका म्हणाले आणि वहीत नवा रकाना आखायला बसले. वर लिहिलं, 'तीर्थ'.

पुढचे दिवस माझे काही चांगले गेले नाहीत. चिमीने लघवीसाठी जास्त वेळ घेतला तरी काकांचा फोन यायचा. एकदा लघवीत रक्त दिसलं, तेव्हा मी जेवण टाकून गेलो. त्या आठवड्यात मी सर्जन मित्राला ऑपरेशनची तयारी ठेवायलाही सांगितलं होतं. पण पीएच खाली आला होता, साडेसहा. रोजनाम्यात दुपारची वाटी आता पुरी संपत होती. काकांनी त्या नोंदींखाली लाल रेघ मारली होती.

महिन्याने एक्स-रे काढला. मोठा खडा अर्ध्यावर आला होता, एक दिसतच नव्हता. त्याच्या पुढच्या महिन्यात मूत्राशय स्वच्छ. मी तीन वेळा बघितलं, मग स्क्रीन काकूंकडे फिरवली.

"कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

काकूंनी चिमीला उचलून छातीशी धरलं आणि त्या रडल्या. काकांनी नाक शिंकरलं, वही उघडली, तारीख टाकली आणि लिहिलं, 'प्रकरण निकाली.' मी सांगितलं की निकाली नाही, इन्फेक्शन परत आलं तर खडा परत येऊ शकतो, दर थोड्या महिन्यांनी लघवी तपासायची. त्यांनी 'निकाली' खोडून 'तहकूब' केलं.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर मी एक प्रश्न हाताने वाढवला आहे. खायला काय देता, याच्या खाली, 'खाणं सोडून तोंडात काय काय जातं?' पहिल्यांदा लोक बुचकळ्यात पडतात. मग एकेक निघायला लागतं. आजोबांच्या चहाच्या बशीतला चहा. औषधाची गोळी गुंडाळलेला पेढा. उपासाची भगर, कारण उपास म्हणजे काही जेवण नव्हे.

त्याच आठवड्यात काकू डबा घेऊन क्लिनिकवर आल्या. चिमीसाठी नवस बोललेला शिरा होता, देवापुढे ठेवून आणलेला. मी खाल्ला, दोन वाट्या.

पुढच्या महिन्यात माझी शुगर वाढलेली निघाली. माझ्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून डोळे न उचलता विचारलं, "गोड खाता का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी तसं लिहून घेतलं.