कऱ्हाटीचे रविवार

बारामतीतल्या मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवतेय. त्या वर्षी दिवाळीनंतर दहावीतली एक मुलगी शाळेत यायची थांबली. मुलगी जवळच्या कऱ्हाटी गावची. शांत, गणितात पक्की. मैत्रिणींकडून कळलं, आईची कंबर धरलीय, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि घरचं सगळं आता हिच्यावर.

आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या केरळच्या. मराठी त्या वसतिगृहातल्या मुलींकडून शिकल्या, त्यामुळं बोलायच्या थेट गावाकडचं. त्या मला घेऊन कऱ्हाटीला गेल्या. मला खरं तर त्या दिवशी घरी जाऊन नुसतं पडायचं होतं.

मुलीच्या वडलांनी चहा दिला आणि हात जोडले. ऊस तोडायला टोळी आली होती, ते दिवसभर रानात. दोन म्हशी, स्वयंपाक, आजारी बायको हे कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं. पोरीनं घरी बसून परीक्षा द्यावी. सिस्टरांनी ऐकून घेतलं.

"तात्या, परीक्षा देईल ती. पर अभ्यासाला येळ कुठं हाय तिला?"

तात्यांनी रिकाम्या कपबशा उचलल्या. परतताना सिस्टर म्हणाल्या की दर रविवारी कुणीतरी येऊन तिला शिकवायला हवं, पण रविवारी त्यांना प्रार्थनेमुळं निघता येत नाही. पुढचं त्यांनी बोलायची गरजच नव्हती.

पहिल्या रविवारी मी एसटीनं गेले ते धड्यांचं पुस्तक घेऊन. मुलगी चुलीपुढं होती. तिचे डोळे मिटत होते. मी धडा वाचत राहिले आणि ती परातीवर पेंगली. तेव्हा मी पुस्तक मिटलं, पदर खोचला आणि तिला म्हणाले,

"ऊठ. भाकरी मी थापते. तू गणितं सोडव."

त्यानंतर सगळे रविवार तसेच गेले. मी शिकवलं फार थोडं. भाकरी केल्या, भांडी घासली, तिच्या आईला कूस बदलायला हात दिला. आई खाटेवरून बघायची. एकदा म्हणाली,

"बाई, भाकरी जाड व्हतीय. पर असू द्या."

आम्ही दोघी हसलो. हसताना आईची कंबर दुखली.

आठवडाभर शाळा, तपासायचे पेपर, घरचं सगळं, आणि रविवारी हे. नवरा म्हणायचा, पगार शाळेचा घेतेस की कऱ्हाटीचा. मी तोवर आडवी झालेली असायचे.

मुलगी पास झाली. फार चांगले गुण नव्हते, पण सायन्सला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती आईसोबत शाळेत आली. आई काठी टेकत का होईना, चालत होती. सिस्टरांची तोवर बदली झाली होती. त्यांना फोन लावून दिला, तर मुलगी नुसती रडली, आणि पलीकडून सिस्टर बराच वेळ "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या.

त्या दोघी गेल्यावर मी स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकलं. पुढच्या तासाची घंटा झाली, तरी कुणी मला उठवलं नाही.