बरणीतलं पाणी

बारामतीच्या दवाखान्यातले कंपाउंडर मूळचे मालवणचे, एकटे राहायचे. त्यांनी घरी काचेच्या बरणीत समुद्राचं पाणी भरून एक पट्टेरी मासा पाळला होता. मी जळोचीहून भाजी घेऊन गेलो, की आधी म्हणायचे, "आबा, जरा बोट बुडवून बघा. औषधं कालवून माझ्या हाताला काही कळत नाही."

"कोमट लागतंय," मी म्हणायचो. मग ते बरणीभोवतीचं फडकं भिजवायचे, मला बसवून चहा टाकायचे.

एकदा ते स्टोव्ह पेटवत असताना ते फडकं सरकलं. आत पाण्यात थर्मामीटर सोडलेला होता. मी फडकं नीट केलं.

"कसं आहे पाणी?" त्यांनी आतून विचारलं.

मी बोट बुडवलं. "गरम हाय जरा. उद्या परत बघाया येतो."